टेकडीवरच्या विद्यापीठाचे पाणी

मी, ओबेदाया क्रॅन्शॉ, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मीठ आणि खिळ्यांचे दुकान, राहणार हार्लो फोर्क, राज्य ओहायो, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. माझ्या छातीत पाणी झाले आहे आणि डॉक्टर मला ख्रिसमसपर्यंत धरत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे. अकरा वर्षे माउंट कॅलेब विद्यापीठाचा खजिनदार राहूनही ते ठिकाणावर आहे, एवढे न्यायालयाला पुरेसे व्हावे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम पहिले. माझे राहते घर, फळबाग आणि लाल गाय माझा भाचा सायलस याला द्यावी. सायलस वर टेकडीवर लॅटिन शिकवतो. त्याला कुंपणाची एक फळी ठोकता येत नाही, तेव्हा छप्पर गळू लागले की त्याने ते लॅटिनमधून थांबवून पाहावे. त्याची आई माझी धाकटी बहीण, आणि ती गुणी बाई होती. घर तिच्याकडे पाहून देत आहे.

कलम दुसरे. दुकानातला माल विकून डॉक्टरचे आणि सुताराचे भागवावे. पेटी साध्या पाइनची असावी. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष कर्नल थॅडियस पेल्हम यांनी थडग्यापाशी भाषण करू नये. केले तर मी उठून बसेन.

कलम तिसरे. तीन कुलपांची लोखंडी तिजोरी विद्यापीठाला द्यावी. ती मी माझ्या पैशाने सिनसिनाटीहून आणली होती. तीन किल्ल्या तीन विश्वस्तांकडे, म्हणजे कोणा एकट्याला हात मारता येऊ नये. त्यांतल्या एकाने आपली किल्ली हरवली आणि सहा वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण तिजोरी उघडायची वेळच आली नाही. विद्यापीठाची खरी संपत्ती माझ्या परसात गुरगुरत होती. लोकांनी देणगीत डुकरे दिली होती, आणि डुकरे तिजोरीत मावत नाहीत.

हे कसे झाले ते लिहितो, कारण पुढचे कलम त्यावर उभे आहे. अठराशे सोळा साली कर्नलांच्या घरी मोठी मेजवानी झाली. टर्की संपली, व्हिस्की फिरली आणि तिच्यामागून देणग्यांचा कागद फिरला. आमच्याकडची रीतच ती. प्रत्येकाने सर्वांदेखत आकडा लिहायचा, आणि आकडा लिहिला की टाळ्या. कर्नलांनी उभे राहून पाचशे डॉलर लिहिले आणि खाली एवढी मोठी सही ठोकली की शेजारच्याला जागा उरली नाही. मी हळूच म्हणालो, "कर्नल, वर अटी लिहिल्या आहेत, वाचा तरी."

"वाचायचं काम कारकुनांचं, क्रॅन्शॉ! माझं काम सही करायचं."

त्या पाचशेतला एक सेंटही आजवर आलेला नाही. विद्यापीठाच्या दारावरच्या दगडात मात्र देणगीदारांची नावे आकड्यांच्या क्रमाने कोरली, आणि क्रम लावला तो कबूल केलेल्या आकड्यांचा. पहिले नाव कोणाचे ते सांगायला नकोच.

इमारतीच्या विटा जेरेड मॅक्युनने भाजल्या. एक लाख विटा, हजारी पाच डॉलर. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मंडळाने ठराव केला की कर्नलांच्या कबुलीचा कागदच जेरेडच्या नावे करावा, वसूल त्याचे त्याने करावे. अशी ही बोळवण. जेरेड अठराशे वीसच्या हिवाळ्यात कर्नलांच्या दाराशी अकरा खेटे घालून आला. प्रत्येक वेळी सफरचंदाची दारू मिळाली आणि विद्येच्या थोरवीवर व्याख्यान मिळाले. बाराव्या खेपेला बर्फात भिजून आला, त्याला छातीचा ताप भरला आणि तो गेला.

तो ठराव मंडळाचा, पण जेरेडच्या नावे केलेला कागद माझ्या अक्षरात आहे. मला माहीत होते की त्याला काडीची किंमत नाही. तरी मी लिहिला, वर वाळू टाकून नीट सुकवला आणि त्याच्या हाती दिला. जेरेडची बायको टॅबिथा मला दफनाच्या दिवशी म्हणाली, "तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो, क्रॅन्शॉसाहेब. शेवटपर्यंत उशाशी ठेवला होता त्यांनी तो कागद." ती टोचून बोलली नाही, हेच मला सोसले नाही. सात वर्षे झाली, मला अजून लाज वाटते.

कलम चौथे. आता झरा. विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर बांधले, कारण कर्नलांना इमारतीचे खांब दहा मैलांवरून दिसायला हवे होते. पाण्याचे कोणी पाहिले नाही. तीन विहिरी खणल्या, तिन्हींत खडक लागला. मंडळाने मात्र आधीच इतिवृत्तात लिहून ठेवले होते की टेकडीवर पाणी विपुल आहे, मग माझ्याकडून पाणी घेण्याचा करार कोणत्या तोंडाने करणार? तेव्हा आठ वर्षे बेन ओट्सची बैलगाडी पायथ्याच्या माझ्या झऱ्यावरून रोज बारा पिंपे वर नेते, आणि कागदोपत्री ते पाणी नाहीच. झऱ्याकाठच्या केबिनमध्ये टॅबिथा राहते. विद्यार्थ्यांचे शर्ट धुऊन पोट भरते.

काल कर्नल आले. टोपी काढली नाही, खुर्ची ओढून बसले.

"झरा विद्यापीठाला देऊन टाका, क्रॅन्शॉ. तुमचं नाव दगडावर घालतो. चौथ्या ओळीत!"

"आणि टॅबिथा?"

"अहो, ती केबिन हलवूच. तिथं कारंजं करणार आहे मी."

"ती जाईल कुठे?"

"जाईल कुठंतरी. असल्या बायका राहतात तगून."

मी म्हणालो, "झऱ्याचं उद्या मृत्युपत्रात लिहितो. साक्षीला या." यात खोटा शब्द एकही नाही.

तर लिहितो. झरा, भोवतीची एक एकर जमीन आणि त्यावरची केबिन टॅबिथा मॅक्युन हिला द्यावी. हयातीपुरती नव्हे, कायमची, विकण्या-देण्याच्या संपूर्ण हक्कासह. पाणी कोणाला द्यायचे, केवढ्याला द्यायचे, की द्यायचेच नाही, हे तिने ठरवावे. विद्यापीठाने आधी जेरेडच्या एक लाख विटांचे पाचशे डॉलर व्याजासह तिच्या हाती ठेवावेत आणि मग पिंपाच्या भावाचे बोलायला यावे. टोपी काढून यावे. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. त्यांना पिण्यापुरती दोन पिंपे तिने फुकट द्यावीत ही माझी विनंती आहे, हुकूम नव्हे. हुकूम करायचा अधिकार मी तो कागद लिहिला तेव्हाच गमावला.

टॅबिथा, हे उपकार समजू नकोस. मला माफ कर, असेही म्हणवत नाही.

या मृत्युपत्राला कोणी हरकत घेतली, क्रॅन्शॉचे डोके फिरले होते असे म्हटले, तर न्यायाधीशांनी खालच्या सह्या पाहाव्यात. साक्षीदार बाहेरच्या खोलीत बसले आहेत. बेनला मी सगळे वाचून दाखवले आहे. दुसऱ्या साक्षीदारांपुढे मी हा कागद उलगडून, दिवा जवळ ठेवून, वाचा म्हणून विनंती करणार आहे.

हार्लो फोर्क, ता. ९ नोव्हेंबर १८२७

ओबेदाया क्रॅन्शॉ

साक्षीदार पहिला: बेन ओट्स, गाडीवान (निशाणी ×)

साक्षीदार दुसरा: सर्व मजकूर स्वतः वाचला. मृत्युपत्र करणारे गृहस्थ पूर्ण शुद्धीत असून अत्यंत उदार आहेत. त्यांच्या या निर्णयाचा मला अभिमान वाटतो.
थॅडियस पेल्हम, कर्नल, अध्यक्ष, विश्वस्त मंडळ, माउंट कॅलेब विद्यापीठ