यंदा चंद्राला ओवाळायचं नाही

१६ ऑक्टोबर

समर्थदादा भाऊबीजेला येतोय! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. प्रज्वलनेच फोन करून बोलावलं. माझ्या नवऱ्याने — ज्याचा डावा डोळा दादाने घालवला, त्याने!

१७ ऑक्टोबर

झोप नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा दादाने दोन मित्र घेऊन प्रज्वलला अंबरनाथला पुलाखाली गाठलं. लोखंडी सळईने मारलं. ‘त्यांच्यातला’ जावई नको म्हणून. तेव्हापासून मला माहेर नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, तरी दरवर्षी गच्चीवर जाऊन मी चंद्रालाच ओवाळते.

आई उल्हासनगरला दादाकडे अंथरुणाला खिळलीय. त्याच्याशी बोलल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकता येणार नाही. आणि ती काही थांबणार नाही माझ्यासाठी.

१९ ऑक्टोबर

भांडले. प्रज्वल शांत. ‘मी केलं माफ. तू कशाला धरून बसतेस?’ डोळा माझा गेला नाही, खरंय. पण पाणी ओतताना तो जगचं तोंड आधी पेल्याच्या काठाला टेकवतो — एका डोळ्याला अंतर कळत नाही. मी रोज बघते ते. कसं विसरू? की मीच वाईट आहे? जीव नकोसा झालाय.

२२ ऑक्टोबर

करंज्या करपल्या. उद्या दाराला कुलूप लावून इथून, बेलवलीतूनच, निघून जावं.

२३ ऑक्टोबर

आला. केस पिकलेत. पाटावर बसला, मान वर करेना. प्रज्वलने त्याला पाणी ओतून दिलं — तसंच, काठाला टेकवून. दादाने बघितलं. पाणी प्यायलाच नाही, नुसता पेला धरून बसला. मग म्हणाला, ‘किर्ते, नको ओवाळूस, चालेल. मी त्या लायकीचा नाय. पण आईला भेटायला ये.’

मी इतकी रडले! मग ताट उचललं आणि ओवाळलं. विसरले काहीच नाही. पण माफ केलं — अगदी मनापासून. छातीवरचा धोंडा उतरला. दर रविवारी जेवायला येत जा म्हटलं. हो म्हणाला. प्रज्वल हसला.

२४ ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना प्रज्वल म्हणाला, ‘मी त्याला माफ नाही केलं गं. कधी जमलंच नाही. तुला आई भेटावी म्हणून तसं बोललो.’ कप खाली ठेवून म्हणाला, ‘रविवारी मी बाहेर जात जाईन. तू वाढ त्याला.’

परवाच रविवार आहे.