खाऱ्या विहिरीचं मीठ

१५ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

धाकटे दीर आज शेतातली खारी विहीर बुजवायला जेसीबी घेऊन आले. हे पाणी भाजीला चालत नाही, मग विहीर ठेवायची कशाला? मलाही पटलं होतं. पण सासरे काठी टेकत येऊन आडवे उभे राहिले.

"इंग्रजाच्या राज्यात माह्या मायनं याच पाण्याचं मीठ केलं. पोलिसानं कढई लाथाडली, तिले जेलात टाकलं. सुटून आली अन् तिनं पुन्हा कढई चढवली. मी विहीर बुजू देत नाही."

जेसीबी परत गेला.

पुन्हा कढई चढवली! कुठून आणलं असेल आजेसासूबाईंनी एवढं बळ? आणि मी त्यांच्याच घरची सून.

घरी येऊन मीही घागरभर पाणी आटवलं. तळाशी थोडं मळकट मीठ राहिलं. दिरांनी ते चाखलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा बोट लावलं.