आठ म्हणेपर्यंत

ता. ४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सरांनी शिबिरात सगळ्यांचे फोन कुलपात ठेवले, हे फार बरं झालं. मामाचं अक्षर वाचण्याची शिक्षा तुला कधीतरी व्हायलाच हवी होती. इकडे मी संस्कृत शिकवतो आहे आणि मुलं ते न शिकण्याची पराकाष्ठा करताहेत. म्हणजे सर्व क्षेम.

तुझ्या आईचं तेवढं क्षेम नाही. तू चार वर्षं मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात लढलीस. लाथा, कोपरं, गळा आवळणं, सगळं झालं, ते ताईने दात-ओठ खाऊन सोसलं. आता नुसतं बॉक्सिंग म्हणजे निम्मा धोका, असं मी समजावू गेलो. शास्त्रात पूर्वपक्ष नीट ऐकून घेतात; ताईच्या शास्त्रात तो दारातूनच परत पाठवतात. तिचं म्हणणं, पिंजऱ्यात मार अंगभर वाटला जायचा, इथे सगळा डोक्याच्या वाट्याला येणार. अपघात विभागात वीस वर्षं फुटलेली डोकी सांभाळणाऱ्या परिचारिकेशी या विषयावर वाद घालणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं.

तिची अट तुला पाठ असेलच. या महिन्यातल्या पहिल्या लढतीच्या सहाही फेऱ्या पुऱ्या करून आपल्या पायांनी बाहेर आलीस, तर ती या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाही. पंचाने मध्येच थांबवलं, तर हातमोजे कायमचे माळ्यावर. तू मान डोलावलीस, तेव्हा मी साक्षीला होतो. आता खरं सांग, जमतंय का? की चार विद्या येणारा माणूस एकाच विद्येत नापास होतो?

लोभ आहे. वजनातून हवे तेवढे ग्रॅम उतरव, लोभातून नको.

तुझा मामा

ता. ११

ती. मामास सा. न. वि. वि.

खरं सांगते, पण आईला वाचून दाखवू नकोस.

पहिल्याच सरावात ठोसा बसला आणि मी समोरचीला कमरेला धरून आडवी केली. सवय! सगळा हॉल हसला. सर म्हणाले, बाई, इथे धोबीपछाड चालत नाही, कपडे घरी धू. ते सुटलं. लाथेच्या भीतीने लांब उभी राहायचे, तेही सुटलं. एक मात्र सुटत नाही.

पिंजऱ्यात पडलं की समोरची अंगावर येते. म्हणून पाठ टेकायच्या आत उठायचं. इथे पडलं की तिला कोपऱ्यात जावं लागतं आणि पंच आकडे मोजतो. दहाच्या आत उठलं की झालं. शहाणे बॉक्सर आठपर्यंत एक गुडघा टेकून डोकं ठिकाणावर आणतात. मला ते जमतच नाही. दोन म्हणायच्या आत मी उभी, आणि पाय दुसऱ्या कुणाचे तरी.

परवा अशीच उठले. त्यानंतरचा ठोसा मला आठवत नाही. सर सांगतात म्हणून बसला म्हणायचं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, ठीक निघालं. पण सर म्हणाले, लढतीत अशी उठलीस तर पंच तुझे पाय बघून लढत थांबवेल. आणि नाही थांबवली, तर त्याहून वाईट. लढतीत जी समोर आहे, तिला इथे सगळे हातोडी म्हणतात. तिच्यापुढे आजवर कुणी न पडता राहिलेलं नाही. म्हणजे मी पडणार, हे धरूनच चालायचं. पडल्यावर खाली राहायचं कसं, ते सांग. मामा, मला भीती वाटते आहे. हे फक्त तुला.

तुझी मुंगी

ता. १५

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विद्या मिळवण्यावर आमच्याकडे सुभाषितांचा ढीग आहे. मिळालेली विद्या विसरण्यावर एकही नाही. आणि वर्गात मी ‘बसा’ म्हटल्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. तुला काय बसवणार?

ताईने विचारलं, पोरगी काय लिहिते? म्हटलं, जेवण बरं मिळतं. ती म्हणाली, खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस.

थट्टा पुरे. न आठवणारा ठोसा माझ्या डोक्यातून जात नाही. तू परत फिरलीस तर मी घ्यायला येईन, आणि वाटेत एक शब्द विचारणार नाही. माझ्या बाबतीत हा केवढा त्याग आहे, तुला माहीत आहे.

लढतीच्या दिवशी माझी परीक्षेची पर्यवेक्षकी आहे, सुटका नाही. ताईने त्या दिवशी दुहेरी पाळी मागून घेतली आहे. म्हणाली, त्या दिवशी मला परक्यांचीच डोकी बघू दे. तेव्हा तू एकटीच असशील. जशी असशील तशी, पण स्वतःच्या हाताने कळव.

लोभ आहेच. तो धरून उभी राहा. आणि जमलं तर धरून बस.

मामा

ता. २४

ती. मामास सा. न. वि. वि.

स्वतःच्या हाताने लिहिते आहे. बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर तुझ्यासारखं आलं आहे.

दुसऱ्या फेरीत पडले आणि दोनला उभी. पंच माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिला. सोडलं. कशीबशी फेरी काढली. कोपऱ्यात सर एवढंच म्हणाले, आता पडून अशी उठलीस तर संपलं.

चौथ्या फेरीत पुन्हा पडले. शरीर उठायला निघालंच होतं. एवढ्या गोंगाटात मागच्या रांगेतून एक आवाज आला: उठायचं नाही! मी सांगेपर्यंत हलायचं नाही! मामा, मी सायकलवरून पडायचे तेव्हा इतर आया ‘ऊठ, काही नाही झालं’ म्हणायच्या. आपल्याकडे मात्र आईचा हा वॉर्डातला आवाज. मला इतकी लाज वाटायची! मी गुडघा टेकला आणि तशीच राहिले. पंच आठ म्हणाला तेव्हा उठले, आणि पाय माझे होते.

सहाही फेऱ्या काढल्या. गुणांवर हरले. तू विचारलं होतंस ना, चार विद्यांचं माणूस एकाच विद्येत टिकतं का? टिकतं. जिंकतं का, ते अजून माहीत नाही. चालत बाहेर आले, तर मागच्या रांगेत कुणीच नव्हतं. ती होती का, मामा? की डोक्याला लागल्यामुळे ऐकू आलं?

तुझी मुंगी

ता. २८

चि. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ताई दुधाच्या पातेल्याजवळ उभी होती. लढतीच्या दिवसापासून तिचा घसा पार बसला आहे. मी भोळसटासारखा तिला रोज गुळण्या करायला सांगतो आहे. विचारलं, दुहेरी पाळीत एवढं कोणावर ओरडलीस? तिने गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, आणि चष्मा नसतानाही डोळे पुसले. दुसऱ्या पाळीला बदली देऊन ती गणवेशातच तिथे पोचली होती.

दिलेला शब्द ती पाळते आहे. अर्थात सध्या घशालाही पर्याय नाही. पण आता माझ्या हातातलं पेन ओढते आहे, म्हणून लोभ असावा हे लिहायचं राहि

मुंगी, तुमचे नियम मला माहीत नाहीत. डोक्याला लागलेल्या माणसाने एकदम उठायचं नसतं, एवढं माहीत आहे. बोलणार नाही म्हटलं होतं, बोलत नाही. उजव्याने मारायला गेलीस की तुझा डावा हात खाली येतो. दोन्ही वेळा तिथूनच लागलं. पुढच्या लढतीआधी सरांना दाखव.

आई