कोरा रकाना

प्रिय ठमे,

सोमवार, १४ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुझ्या ऑफिसात, सहा पोराटोरांसमोर तू मला म्हणालीस, मावशी, इमोशनल होऊ नकोस, डेटा बघ. तुला पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं तेव्हा तू पेन्सिल उलटी धरायचीस. असो.

बघितला डेटा. माझ्या शाळेच्या ओळीत, ‘चालत येऊ न शकणारी मुलं’ या रकान्यात लिहिलंय ‘निरंक’. तेवढ्यावर तुझ्या अहवालाने शाळा बंद करून हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडली. अगं, मी निरंक लिहिलंच नव्हतं. रकाना कोरा होता. कोऱ्याचं निरंक तुझ्या माणसांनी केलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर कोरी जागा दिसली की आधी विचारायच्या, येत नाही की लिहायचं राहिलं? छडी त्यानंतर. तुमच्या एवढ्या मोठ्या संस्थेत हे विचारायला एक माणूस नव्हता?

इस्त्रीवालीची मुलगी आठवते? पाहणीच्या दिवशी तुझं चित्र काढून, ताई, तुमचं नाक कागदात मावत नाही म्हणाली होती, ती. पायांत जोर नाही, पण घर शाळेला लागून, त्यामुळे भिंत धरत सगळ्यांच्या आधी हजर. नव्या शाळेत आईने तिला अकरा दिवस पाठुंगळीला मारून नेलं. बाराव्या दिवशी आईची पाठ धरली. आता हजेरीपटावर पोरीच्या नावापुढे ‘स्थलांतरित’. कुठे गेली? इस्त्रीच्या टेबलाखाली. दिवसभर शर्टांची बटणं लावत बसते. परवा मला म्हणाली, बाई, आपली शाळा उघडली की हाक मारा, दप्तर भरलेलंच आहे. मारते म्हटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मुलांशी इतकं धडधडीत खोटं बोलले नव्हते.

आता खरं कारण. तुमच्या फॉर्मात त्या रकान्यात डॉक्टरी दाखला असलेलीच मुलं मोजायची होती. तिला दाखल्यासाठी दवाखान्यात न्यायचं मी निवृत्तीच्या गडबडीत आज-उद्यावर ढकललं आणि रकाना तसाच सोडला. खाली सही माझी आहे. २८ जूनला तुझ्या यादीतल्या आणखी चाळीस शाळांवर बंदचा शिक्का बसेल. माझी चूक खुशाल माझ्या नावानिशी छाप. पण प्रत्येक कोरा रकाना त्या त्या शाळेला पुन्हा विचारल्याशिवाय ती यादी पुढे धाडू नकोस. तसं करणार की नाही, ते शुक्रवार, २५ जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. फोन नको, फोनवर तू फार गोड बोलतेस. उत्तर आलं नाही, तर सोमवारी तुझ्या समितीसमोर मी त्या मुलीला घेऊन येईन. पाठुंगळीला.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
मावशी