भाडेकरणीचा घट

ठकू,

चूल पेटवायच्या आधी हे वाच. मी मार्गासनीला रखमाजीकडं, माझ्या भावाकडं, चालले.

आपल्या मागच्या खोलीतली बयाबाई काल नवऱ्यासंगं हिर्डोशीला गेली, आईच्या दुखन्याला. भाडं द्यायचं नाव न्हाई, खोली सोडायचं नाव न्हाई, आन जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हनती, "आत्याबाई, घट बसवलाय, तेवढा दिवा इझू देऊ नका." घटाला माती बी आपल्याच परसातली, म्याच दिलेली. आता किल्ली हातात हाय, पर घट उठंस्तवर देवीला भाईर कशी काढू?

नवा मास्तर आजच राहायला येनार हुता, वर्साचं भाडं आगाऊ देऊन. त्यावरच सावकाराचा हप्ता भागनार हुता. दसऱ्यापतोर थांबा म्हनलं, तर त्यानं दुसरीकडं खोली बघितली. हप्ता चुकला तर दोन्ही खोल्या सावकाराच्या, तसं गहानखतात लिवलंय.

दिव्यात तेल घालत जा. आपल्याच बुधल्यातलं घाल, हात आखडू नको.

सावकार आला तर सासू देवाला गेली म्हन. भावाकडं मागायला गेली म्हनलीस तर जीभ हासडीन.

तुझी पायरी पुन्यांदा चढनार न्हाई, असं म्या रखमाजीला तोंडावर म्हनलं हुतं. तू हुतीस तवा. त्यानं न्हाई म्हनलं तर पुढं काय, मला सुचत न्हाई. तुला काय सुचलं तर उद्या आल्यावर सांग. मी मधी बोलनार न्हाई.