पांगाऱ्याचा बिंडा

श्रीमंत,

कस्तुराला घेऊन मी भालकीच्या दवाखान्यात जायलेय. तुझ्या पोरीच्या कानात विहिरीचं पाणी गेलंय. कामून गेलं ते वाच.

पोरींना पोहायला शिकवताना पाठीला बांधायचा बिंडा मी पांगाऱ्याचा केला होता. पोलीस ॲक्शनच्या साली तोडून दोन वर्षं सावलीत वाळवला, तवा कुठं तो सुपासारखा हलका झाला. तू मला न विचारता तो गोठ्याच्या वाशाखाली टेकू म्हणून ठोकलास, आणि माझ्या खुंटीला ओल्या बाभळीचा ओंडका अडकवलास. वर बायकोला म्हणालास, "अक्काला लाकूडच पायजे ना."

कस्तुराचा आज पहिलाच दिवस. तिला काय ठावं? ओंडका पाठीला बांधून तिनं उडी मारली, ती वर आलीच न्हाई. मी लुगड्यानिशी उतरून तिला काढलं.

पांगारा पाण्यात माणूस तोलतो, छप्पर तोलत न्हाई. खालची म्हैस आधी सोड. मग वाशाला बाभळ लाव आणि माझा बिंडा खुंटीला अडकव. कान बरा झाला की पोरगी परत विहिरीवर येणार हाय.

निघायच्या तयारीत असताना ती म्हणली, "आत्या, अप्पाला काही बोलू नको." बोलत न्हाई. लिहून ठेवलंय.

अक्का