मास्तरच्या मंडळीसाठी एकच शाल

ती. ताईस,

धाकट्याचा प्रेमाचा सलाम. (वाकून केला असता, पण विमानातल्या खुर्चीने कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वॉर्डातल्या नव्या मेट्रनबाईंशी धरलेला अबोला संपला का? नसेल तर तसाच चालू ठेव, चूक त्यांचीच असणार. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला इथे बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

चर्च कमिटीने मला तीन महिन्यांची पगारी विश्रांती दिली ती माझ्या सेवेची कदर म्हणून, हे तुला माहीत आहेच. (ठराव एकमताने आणि जरा घाईनेच मंजूर झाला. ऑर्गन, माइक, घंटा, सगळं एकाच माणसाने करू नये, असं खजिनदार म्हणाले. दोघंतिघं नुसतं ‘करू नये’ एवढंच म्हणाले, पण अर्धवट बोलायची सवय असते काहींना.) आता विश्रांती म्हणजे लोळत पडणं नव्हे. आपल्या चर्चने परदेशी पाठवलेल्या मिशनऱ्यांना भेटून धीर द्यायचा, असं मी ठरवून टाकलं. धीर त्यांना हवा होता का, हे विचारत बसलो असतो तर निघणंच झालं नसतं. निघताना तू त्यांच्यातल्याच मास्तरच्या मंडळीसाठी खोकं दिलंस आणि म्हणालीस, “तो सुखात आहे का तेवढं बघ. मला सांगू नकोस.” एके काळी तुमचं लग्न ठरल्यातच जमा होतं, तेव्हा हे दुसरं वाक्य मी मनावर घेतलेलं नाही. पण आधी डॉक्टरांचं ऐक.

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई एक छोटा दवाखाना चालवतात. तिथल्या स्पीकरमधून माणसाचा आवाज कमी आणि खरखर जास्त यायची. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला. (डॉक्टर नको नको म्हणत होते; भिडस्त माणूस.) तासाभरात स्पीकर असा खणखणीत झाला की गेटवरचा रखवालदार दचकून उभा राहिला. त्या आनंदात माइक बंद करायचा राहून गेला, आणि बाईंच्या हातच्या सूपबद्दल मी डॉक्टरांना खाजगीत जे सांगितलं ते सगळ्या वॉर्डांत, बाळंतिणींच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तिथे मराठी समजणारी माणसं तीनच, पण तिसरी नेमकी त्याच वेळी पातेलं ढवळत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः मला बसवर सोडायला आले. मी चार दिवस आणखी राहणार होतो, पण तिकीट त्यांनीच काढून ठेवलेलं होतं. कोण करतं हल्ली कुणासाठी एवढं?

मग मास्तर. बस थांब्यावर मी त्याला ओळखलंच नाही. केस पार गेलेत, अंगावरचा कोट मात्र आपल्याकडून नेलेलाच आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, तिच्यात एक खुर्ची, एक कप आणि भिंतीला टेकवलेली पेटी. मी कपाबद्दल विचारलं तर म्हणाला, पाहुण्याने आधी प्यायचं, मग तो धुऊन त्याने. उपासना एका जुन्या गॅरेजमध्ये होते. बस ड्रायव्हर, बेकरीवाल्या बाई, एक रिटायर्ड न्यायाधीश, बिऱ्हाडं घेऊन आलेले आणखी काही, अशी भरघोस मंडळी त्याने एकट्याने जमवली आहे. गातात तर असे सुरात की मी ऑर्गनला हात लावायचा मोह आवरला. (लावला होता. मास्तरने हळूच झाकण बंद केलं.)

रविवारी मी तुझं खोकं सगळ्यांसमोर उघडलं. आमच्या ताईने मास्तरच्या मंडळीसाठी खास पाठवलंय, असं जाहीरही केलं. आणि आतून निघाली काय, तर एक शाल आणि लेडीज सपातांचा एक जोड. ताई, एवढ्या माणसांत एक शाल? मी वेळ मारून नेली. शाल रांगेने सगळ्यांच्या खांद्यावर फिरवली, न्यायाधीशांना ती शोभलीही. सपाता ड्रायव्हरने घालून पाहिल्या आणि आता त्या घालण्याजोग्या राहिल्या नाहीत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी जरा सढळ हाताने दे. बाकी मी इथे असल्यामुळे सगळं व्यवस्थित आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडावं लागलं. जेवताना मी तुझ्या वतीने मास्तरची माफी मागितली. म्हटलं, ताई मुळात चिकट नाही. शाल विणताना सारखी म्हणायची, मास्तरच्या मंडळीच्या अंगाला पुरेल की नाही देव जाणे, माप कुठे ठाऊक आहे. मास्तरने घास खाली ठेवला. “मंडळी म्हणजे चर्च रे,” तो म्हणाला. “तिला काय वाटलं?” आता आपले बाबा जन्मभर आईला ‘आमची मंडळी’ म्हणत आले. मंडळी रागावली, मंडळी माहेरी गेली, मंडळीला विचारून सांगतो. चर्चला आपण साधं चर्चच म्हणतो. मंडळी हा छापील शब्द माझ्यासारख्या कामातल्या माणसांचा. इथे आल्यावर त्याने पहिल्याच रविवारी फोन केला, मी तो आपल्या चर्चच्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवला, आणि तो म्हणाला, मंडळी मिळाली, आता मी एकटा नाही. तू चहाला न थांबता निघून गेलीस. मला वाटलं डोकं दुखतंय. त्यानंतर तू त्याचा एकही फोन घेतला नाहीस, आणि त्याला वाटलं तुझा विचार बदलला. ताई, तो सुखात नाही. त्याचं लग्नच झालेलं नाही. हे सगळं माझ्या ताबडतोब लक्षात आलं. (मास्तरने दोनदा समजावल्यावर.)

आणखी एक. मुख्य काम हेच. येत्या शनिवारी मी परत येतोय आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर मास्तर असेल. तुला विचारल्याशिवाय यायचं नाही म्हणत होता, म्हणून विचारतो. नको असेल तर फोन करून तसं सांग. यावं असं वाटत असेल तर काहीच करू नकोस. इतकी वर्षं तुला ते उत्तम जमलं आहे.

शेवटचं. फोन लागणार नाही. मास्तरने स्वतःचा बंद करून ठेवलाय आणि माझा काढून घेतलाय.